टाचेखालची पत्रिका

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका पायावर उभा होतो. अगदी शब्दशः. सकाळची वेळ, ऑफिसला निघायची घाई, डावा पाय पँटीत गेलेला, उजवा हवेत, आणि कपाटाचा कोपरा धरून मी उड्या मारत असताना मोबाइल वाजला. भाचा होता, विशाल. "मामा, बाबा गेले," एवढंच म्हणाला. चहा प्यायले, कप खाली ठेवला आणि गेले... अशा वेळी लोकांना म्हणे गेलेल्या माणसाचा चेहरा आठवतो, आवाज आठवतो. मला जाणवलं ते एवढंच, की आपलं सगळं वजन चवड्यावर आलंय, टाच उचललेली आहे, आणि हे दाजींनी बघितलं असतं तर काही खरं नव्हतं. मी आधी टाच टेकवली. मग पलंगावर बसलो. मग रडू आलं. क्रम बरोबर होता असं मला अजून वाटतं. दाजींच्या शिकवणीत पाय आधी, बाकीचं सगळं मागाहून.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे खालापूर तालुक्यातले, भातशेतीचं घर. पुढे खोपोलीकडच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि कर्जतला भिसेगावात घर बांधून राहिले. घराच्या मागे भात ठेवायला पत्र्याची शेड होती. शेड मोठी आणि भात बेताचं, म्हणून अर्ध्या शेडीत त्यांनी वजनं आणून ठेवली. नोकरीच्या आधी ते वजन उचलायच्या स्पर्धांना जायचे, ते वेड नोकरीने सुटलं नव्हतं. हळूहळू वजनं वाढत गेली, गावातली पोरं तालमीला यायला लागली आणि भाताची पोती शेडीच्या टोकाला, स्वयंपाकघराच्या दाराशी सरकत आली. ताई म्हणायची, "माझी सवत लोखंडाची हाय." पण तालमीच्या पोरांना चहा तीच करायची, आणि एखादा दोन दिवस आला नाही तर चौकशीही तीच करायची.

लोक व्यायामशाळेत दंड बघतात, छाती बघतात. दाजी फक्त पाय बघायचे. माणूस दारात आला की त्यांची नजर आधी खाली जायची, आणि वर यायची की नाही ते पायांवर ठरायचं. ताई लग्न होऊन त्या घरात आली, उंबऱ्यावरचं माप तिने पायाने लवंडलं, तेव्हा सगळी वरात नवरीचं तोंड बघत होती आणि नवरदेव पाऊल बघत होते. रात्री, म्हणजे ज्या रात्री नवऱ्याने काहीतरी गोड बोलावं अशी अपेक्षा असते त्या रात्री, ते तिला म्हणाले, "माप लवंडताना तुझा दुसरा पाय डगमगला. वजन टाचेवर घ्यायचं." हे ताईनेच मला सांगितलं आहे, आणि सांगताना ती दर वेळी चिडते आणि दर वेळी हसते. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हाही दाजींची मान सबंध वेळ खाली. मुलीकडच्यांना वाटलं, माणूस किती मर्यादशील. बाहेर आल्यावर मी विचारलं, "कशी वाटली?" तर म्हणाले, "चहा घेऊन वाकली तरी टाच हलली नाय. करून टाका, पाव्हणं." सत्तावीस वर्षं झाली. टाच अजून हललेली नाही. हलतो तो मी.

मी त्यांच्या तालमीत गेलो तो अकरावीत असताना. अंगात हाडं तेवढी होती. दाजींनी मला आपादमस्तक न्याहाळलं असं लिहायचा मोह होतो, पण त्यांनी पादच न्याहाळले. ओल्या फडक्यावर पाय ठेवायला लावला, मग कोरड्या फरशीवर. चांगल्या पावलाचा ठसा मधे कमरेसारखा आत गेलेला असतो. माझा उमटला तो चपाती लाटल्यासारखा. दाजी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "असूं दे. बदकंबी चालत्यात." त्यानंतर त्यांनी मला त्यांचा पहिला धडा दिला, जो त्या शेडीत येणाऱ्या प्रत्येकाला मिळायचा. "पाऊल म्हंजे तिपाई हाय. अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ आनि टाच. तीन पाय. वर दुधाचं पातेलं ठेवलंय समजायचं. एक पाय उचलला की दूध गेलं." वजन उचलताना पावलं कमरेखाली, वजन झेलून बसताना थोडी बाहेर, चवडे किंचित उघडे, आणि चवडा ज्या दिशेने, गुडघाही त्याच दिशेने. माझ्या बाबतीत गाडी टाचेपाशीच अडली. मी खाली बसलो की टाचा वर यायच्या. पाच वर्षं यायच्या. आजही येतात.

त्यांनी उपाय केले नाहीत असं नाही. एका रविवारी त्यांनी आम्हा सगळ्यांना माथेरानला नेलं. बाकीच्यांना वाटलं सहल आहे. तिथे आम्ही पॉइंट एकही पाहिला नाही, तासभर रस्त्याच्या कडेला बसून हातरिक्षा ओढणाऱ्यांचे पाय पाहिले. "उताराला टाच कशी रोवतो बघ," दाजी सांगत होते. शेवटी एक रिक्षावाला थांबला आणि म्हणाला, "दादा, काय हरवलंय का तुमचं?" दाजी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "याची टाच."

मग त्यांनी पांढरा ऑइलपेंट आणला. शेडीच्या फरशीवर प्रत्येकाला उभं करायचं, पाय कुठे हवेत ते ठरवायचं आणि भोवतीने रंगाची रेघ ओढून आतून भरून टाकायचं. म्हणजे रोज आल्यावर विचार करायला नको, आपल्या पावलांवर उभं राहायचं. माझी पावलं भाताच्या पोत्यांना लागून काढली. कारण मी मागे पडायचो, आणि पोत्यांवर पडलं की लागत नाही.

त्या वर्षी गौरी आल्या त्या दिवशी जवळच्या कोंडाणे गावाहून दाजींची सखूआत्या आली. वय झालेलं, नजर अधू. आमच्याकडे गौर आली की तिला सगळं घर दाखवतात, आणि भात ठेवतात तिथपर्यंत पिठाची पावलं काढतात, हे आत्याला पक्कं ठाऊक. ती सुपात तांदूळ घ्यायला म्हणून शेडीत गेली, आणि तिला पोत्यांच्या पुढ्यात दोन पांढरीशुभ्र, रुंद, भरीव पावलं दिसली. आम्ही संध्याकाळी तालमीला पोचलो तोवर माझ्या पावलांवर हळद होती, कुंकू होतं, तेरड्याची फुलं होती आणि शेजारी निरांजन तेवत होतं. आत्या हात जोडून बसली होती. ताईला म्हणाली, "सुने, पावलं झाक काढलीस गं. यंदाची गौर अंगानं भरलेली हाय. भात चांगलं होनार."

दाजी जगात कुणाला भ्यायले नाहीत, पण सखूआत्याला ते कसं सांगणार, की बाई, हे माझ्या मेव्हण्याचे सपाट तळवे आहेत? आत्या गेली, हळदकुंकू राहिलं. दुसऱ्या दिवशी तालमीतली पोरं त्या जागेला वळसा घालून जायला लागली. एकाने तर जाता जाता नमस्कार केला. माझी पंचाईत अशी, की मी स्वतःच्याच पावलांवर उभा राहू शकत नव्हतो. पाय ठेवायला गेलो की चारजण ओरडायचे. आठवडाभर मी नुसता बाकावर बसून होतो. शेवटी दाजींनी बाजूला मला नवी जागा आखून दिली आणि जुन्या पावलांकडे बघत म्हणाले, "पाव्हणं, वजन तुमच्यानं उचललं नाय, पन पूजा करून घेतलीत." त्या वर्षी भात खरोखरच चांगलं झालं. मग काय, आत्या असेपर्यंत दर गौरीला माझ्या पावलांची पूजा होत राहिली, आणि ताई दर वर्षी आधी त्यांना नव्याने रंग देत राहिली.

स्पर्धेत मी एकदाच उतरलो. खोपोलीला, एका शाळेच्या हॉलमध्ये. वजन डोक्यावर नेताना एक पाय पुढे आणि एक मागे फेकायचा असतो. मग सरळ उभं राहताना पुढचा पाय आधी मागे घ्यायचा, नंतर मागचा पुढे. हे दाजींनी माझ्याकडून इतक्यांदा करून घेतलं होतं, की मी एसटीतून उतरतानाही तसाच उतरायचो. पण त्या दिवशी काय झालं देव जाणे, वजन वर गेलं, हात सरळ झाले, हॉलमधून शिट्ट्या आल्या, आणि त्या आनंदात मी मागचा पाय आधी पुढे आणला. मागचा पाय आधी पुढे आला की वजन पुढे जातं. वजन पुढे गेलं की माणसाला जावंच लागतं. मी डोक्यावर वजन घेऊन चालत सुटलो. पंचांच्या टेबलाला वळसा घातला आणि पहिल्या रांगेतल्या प्रमुख पाहुण्यांच्या सोफ्यासमोर जाऊन वजन ठेवलं. पाहुणे सोफ्यावर उभे होते. सत्काराच्या हारांचं तबक पार पलीकडे गेलेलं. दाजी संथपणे चालत आले, माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाव्हणं, उचलायला सांगितलं होतं. पोचवायला नाय."

त्यानंतर मी वजनं सोडली, पण शेड सोडली नाही. नोकरी लागली, लग्न झालं, आणि माझ्या लग्नाने दाजींच्या शास्त्रात मोलाची भर घातली. वडिलांनी हौसेने पत्रिका पाचशे छापून घेतल्या होत्या. ओळखीपाळखी मोजून झाल्यावरही निम्म्याअधिक उरल्या. जाड, गुळगुळीत कागद. दाजी गठ्ठाच्या गठ्ठा उचलून घेऊन गेले. आधी ते पोरांच्या टाचेखाली एसटीचं तिकीट सरकवायचे: वजन घेऊन खाली बसायचं, त्या वेळी दाजी जमिनीवर पालथे पडून तिकीट ओढणार, आलं तर टाच उचलली, नाही आलं तर बरोबर. पण तिकीट पातळ, फाटायचं. पत्रिका झकास. फक्त वरच्या बाजूला गणपती होता, आणि गणपती टाचेखाली कसा घेणार? म्हणून ताई कात्रीने प्रत्येक पत्रिकेचा गणपती कापून देवघरात ठेवायची, आणि खालचा भाग शेडीत जायचा. ताईच्या देवघरात त्यामुळे एका आकाराचे शंभरेक गणपती होते. आणि भिसेगावातल्या दोन पिढ्या माझ्या लग्नाच्या आमंत्रणावर उभ्या राहून तयार झाल्या. त्यांची भाषाच तशी झाली होती. "आज तीन पत्रिका गेल्या रं." "माझी एकबी नाय निघाली." लग्नाला आलेल्या माणसांपेक्षा जास्त माणसं माझी पत्रिका ओळखत होती.

गेल्या वर्षी ताई न्हाणीघरात घसरली. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, सळई घातली, वॉकर आला. चालायला लागली, पण खुर्चीतून उठता येईना. चालणं जमत होतं, उठणं नाही. म्हणजे कुठेही जायचं तर आधी हाक मारायची: सुनेला, विशालला, दाजींना. जन्मभर दुसऱ्यांना उठवलेल्या बाईला ते फार लागलं. एकदा मी गेलो तेव्हा तहान लागलेली असताना ती अर्धा तास तशीच बसून होती, कारण सून आंघोळीला गेली होती. मला म्हणाली, "सुरेश, दुखन्याचं काय नाय. हाक मारायला लागते ना, त्याचं वाटतं." दाजींनी ते ऐकलं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला त्यांनी विचारून घेतलं, काय करू, काय नको. मग ऑइलपेंट आणला.

स्वयंपाकघरात, ताईच्या लाकडी खुर्चीपुढे, त्यांनी तिची दोन पावलं आखली. "लग्नात हौसेनं कुंकवाचं पाऊल उमटवलंवतं," ताई म्हणाली, "आता हे." दाजी म्हणाले, "ते धुतलं की गेलं. हे नाय जानार." खुर्चीवर तीन उशा ठेवल्या, म्हणजे बैठक उंच. पुढे सरकून बसायचं, पाय मागे घेऊन पावलांवर ठेवायचे, छाती पुढे, टाचेवर जोर, आणि हाताला काही न धरता उठायचं. जमलं की काही दिवसांनी एक उशी कमी. आणि रोज सकाळी सत्तरी ओलांडलेले दाजी स्वयंपाकघरात पालथे पडून तिच्या टाचेखालची पत्रिका ओढून बघायचे. "गौरीपत्तर तुला उशीबिगर उठवतो," त्यांनी तिला सांगितलं होतं. तीनच्या दोन झाल्या. दोनाची एक झाली. गौरीला दोन महिने होते, आणि खुर्चीवर एक उशी होती, त्या सकाळी त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

त्यांना उचलायचं होतं तेव्हा तालमीतली जुनी मंडळी पुढे झाली. मला कुणी बोलावलं नाही. माझा लौकिक सगळ्यांना ठाऊक. चौघे तिरडीच्या चार कोपऱ्यांना उभे राहिले, आणि कुणी काही न सांगता चौघांनी खाली बघून आपापले पाय नीट केले. कमरेखाली, चवडे किंचित उघडे. मग एकजण हळूच म्हणाला, "टाच." आणि दाजी एका झटक्यात उचलले गेले. त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात नीट उचललेलं वजन ते स्वतःच असावेत... पुढे वाटेत खांदे बदलले तेव्हा मलाही घेतलं. मी फार सांभाळून चाललो. कुणाला पोचवायचं असेल तर ते काम मला येतं.

तेराव्यानंतर मी ताईकडे गेलो तेव्हा ती खुर्चीत बसली होती, खाली एक उशी. उठायचं झालं की सुनेला हाक मारत होती. पायाशी पावलं होती, त्यांवर पाय नव्हते. मी इकडचं तिकडचं बोललो. ती म्हणाली, "उद्यापासनं तू ये सकाळी."

"कशाला?"

"पत्रिका वढायला."

"ताई, मी? अगं, माझी स्वतःची टाच..."

"तुझी टाच कोन इचारतंय? माझी बघ."

तर गेले काही आठवडे मी ऑफिसच्या आधी भिसेगावला जातो आणि बहिणीच्या स्वयंपाकघरात पालथा पडतो. पंचावन्न वर्षांचा माणूस पालथा पडला की पोटावर होडीसारखा डुलतो; गालाला फरशी गार लागते आणि डोळ्यांसमोर फक्त दोन टाचा दिसतात. दाजींनी पन्नास वर्षं जग इथून पाहिलं, हे मला तेव्हा कळलं. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या मंदाकाकू सांत्वनाला आल्या. त्यांनी दारातून पाहिलं तर भाऊ बहिणीच्या पायांवर साष्टांग पडलेला. त्या तिथेच पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "असूं दे रं बाबा, रडून घे." मी पालथ्यानेच सांगितलं की काकू, मी टाच बघतोय. त्यांना वाटलं, दुःखाने डोक्यावर परिणाम झालाय. ताई इतकी हसली, की हसता हसता उठून उभी राहिली, आणि पत्रिका निघाली ती निघाली. म्हणाली, "हे धरायचं नाय."

या वर्षी घरात गौर आणायची नाही, वर्षाच्या आत नसतात आणत. मी म्हटलं, मग घाई कसली, उशी राहू दे. ताई म्हणाली, "गौर येवो न येवो. त्यांनी गौरीपत्तर सांगितलंवतं." आणि गौरी येतात त्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा उशी खुर्चीवर नव्हती. तिने ती सुनेकडून आधीच काढून घेतली होती. गठ्ठ्यातली एक पत्रिका मी तिच्या उजव्या टाचेखाली सरकवली. गणपती कापलेली, कडा पिवळ्या पडलेल्या, खाली भाचरांच्या नावाने 'आमच्या मामाच्या लग्नाला नक्की यायचं हं' अशी ओळ. मग पालथा पडलो.

खुर्ची करकरली. टाचेची कातडी ताणली, पांढरी झाली. एकदा वजन चवड्याकडे जायला लागलं, ते मला दिसलं, आणि मी तोंड उघडायच्या आत वरून ताईचाच आवाज आला, स्वतःशी, दम लागलेला: "टाच... टाच..." आणि टाच खाली दाबली गेली. मी पत्रिका ओढली. आली नाही. दोन्ही हातांनी धरून ओढली. कोपरा फाटून माझ्या हातात आला, पत्रिका जागेवर.

"निघाली काय रं?" ताईने विचारलं. आवाज उंचावरून येत होता.

"नाय," मी म्हणालो.

मी तसाच पडून राहिलो, एक तर डोळे पुसायचे होते, आणि दुसरं म्हणजे मला उठता येईना. गुडघा दुमडला, हात टेकले, परत पोटावर आलो. सून न्हाणीघरात होती. हाक मारायला कुणी नव्हतं. मग ताईने एका हाताने ओटा धरला आणि दुसरा माझ्यापुढे केला. मी तो नुसता धरला, भार टाकला नाही, आणि कसाबसा उकिडवा झालो. ती आपल्या पांढऱ्या पावलांवर ताठ उभी होती, पत्रिका टाचेखाली तशीच. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. नजर खाली गेली, माझ्या पायांवर, आणि तिथेच थांबली.

"उचललीस," ती म्हणाली. "टेकव आधी. मग उठ."